सनस्क्रीनचा वाद आणि उटण्यातली कपूरकाचरी

दरवर्षी मे महिन्याच्या 13-14 तारखेला पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असतो. यंदा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलं स्टीलचे पेले आणि पाण्याच्या बाटल्या उभ्या करून हा शून्य सावलीचा खेळ बघत होती. तेवढ्यात एका मुलाच्या नाकावर फासलेलं पांढरं क्रीम बघून शेजारच्या आजींनी त्याच्या आईला विचारलं, "कशाला गं ही केमिकलं पोरांच्या तोंडाला? आम्ही कधी काही लावलं का?" त्या आईने उत्तर दिलं, "काकू, ते खोबरेल आणि कोरफड म्हणजे नुसतं थोतांड असतं." संध्याकाळपर्यंत हा वाद गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून घराघरांत पोचला. दोन तट पडले. एक म्हणे नैसर्गिक ते चांगलं, दुसरा म्हणे कारखान्यातलं तेवढंच शास्त्रीय.

मी रसायनशास्त्र शिकवते. मला हा वाद ऐकवत नाही, कारण दोन्ही बाजू एकच चूक करतात. दोघीही रेणूचा जन्मदाखला मागतात. तो झाडात जन्मला की भट्टीत, यावर त्याचं चारित्र्य ठरवतात. वास्तविक विचारायचे प्रश्न तीनच आहेत. अंगावर पडलेल्या प्रकाशाचं हा रेणू काय करतो? ते काम करताना तो स्वतः टिकतो का? आणि त्वचेवर पसरल्यावर तो तेच काम करतो, हे कोणी मोजलं आहे का? या प्रश्नांची उत्तरं शोधायला लागलं की "नैसर्गिक" आणि "केमिकल" यांच्यातली भिंत उभीच राहत नाही.

आधी शत्रू ओळखू. सूर्याकडून येणारे अतिनील किरण तरंगलांबीनुसार तीन पट्ट्यांत मोजतात. 280 नॅनोमीटरच्या खालचा सी-पट्टा ओझोन आणि हवा पूर्ण अडवते. 280 ते 315 हा बी-पट्टा बराचसा वर अडतो, पण जो थोडा खाली पोचतो तो त्वचा भाजतो आणि पेशीतल्या डीएनएच्या शेजारशेजारच्या अक्षरांना एकमेकांशी चिकटवतो. 315 ते 400 हा ए-पट्टा जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे 95 टक्के असतो. तो काचेतून येतो, त्वचेत खोल जातो आणि तिचा ताठपणा धरून ठेवणारे तंतू झिजवतो. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा आपल्या माथ्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तो जुलैच्या शेवटी, ढगांआडून, आणि पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच भाग सहज खाली उतरतो.

आता झाडाकडे बघू. माणूस सावलीत जातो, म्हैस डबक्यात बसते. झाडाला जागचं हलता येत नाही आणि उन्हावरच त्याचं पोट आहे. अन्न करायला प्रकाश हवा, पण त्याच प्रकाशातला अतिनील भाग पेशी जाळतो. झाडांनी ही अडचण कोट्यवधी वर्षांपूर्वी सोडवली. नर्सरीत काम करणाऱ्यांना ती सोडवणूक रोज दिसते. शेडनेटखालचं रोप एकदम भर उन्हात मांडलं तर पानं पांढुरकी पडून करपतात. तेच रोप आठवडाभर थोडं थोडं उन्हात सरकवलं तर तग धरतं. नर्सरीवाले याला रोप कणखर करणं म्हणतात. त्या आठवड्यात पानाने बरंच काही केलेलं असतं. पेशीत यूव्हीआर-8 नावाचं प्रथिन असतं, त्याचे दोन दोन रेणू हातात हात घालून बसलेले असतात. बी-पट्ट्याचे किरण पडले की ही जोडी सुटते, सुटलेला रेणू पेशीच्या केंद्रकात साठतो आणि तिथे संरक्षणाच्या कारखान्याचं बटण दाबलं जातं. हे प्रथिन किरण कसं ओळखतं, ते 2011 मध्ये उलगडलं. या कारखान्यातून फ्लॅव्होनॉइड आणि सिनॅमिक कुळातले रेणू तयार होतात आणि पानाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये साठवले जातात. म्हणजे पानाची छत्री पानाच्याच कातडीत असते.

या रेणूंपैकी सर्वांत बारकाईने तपासला गेलेला रेणू म्हणजे सिनापॉइल मॅलेट. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात तो भरपूर असतो. हा रेणू बनवता न येणारी उत्परिवर्तित रोपं बी-पट्ट्याच्या किरणांखाली ठेवली की सहज भाजतात, हे 1990च्या दशकातच दिसलं होतं. तो नेमकं करतो काय, हे बघायला मात्र अतिवेगवान लेसर यावे लागले. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्या साहाय्याने या रेणूचा माग काढला. रेणूच्या मधोमध कार्बन-कार्बन द्विबंध असतो. किरण गिळला की रेणू उत्तेजित होतो, त्या द्विबंधाभोवती गिरकी घेतो आणि घेतलेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णता म्हणून भोवतालच्या पाण्याला देऊन मोकळा होतो. हा सगळा व्यवहार काही पिकोसेकंदांत आटपतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. इतकी घाई कशासाठी? कारण उत्तेजित रेणू जितका वेळ तसाच राहील, तितकी त्याची शेजाऱ्यांशी भलतीच अभिक्रिया होण्याची भीती वाढते. किरण शोषणारे पदार्थ ढिगाने आहेत. शोषलेली ऊर्जा कोणालाही इजा न करता, क्षणात बाहेर टाकणारे फार थोडे.

हा सिनॅमिक परिवार आपल्याला परका नाही. सिनॅमिक आम्लाचं नाव दालचिनीवरून पडलं. सिनापिक आम्लाचं मोहरीच्या लॅटिन नावावरून. त्याचंच भावंड असलेलं फेरुलिक आम्ल 1866 मध्ये हिंगाच्या डिंकातून वेगळं केलं गेलं आणि हिंगाच्या झाडाच्या फेरुला या नावावरून त्याला नाव मिळालं. हळदीतलं करक्युमिन तर दोन फेरुलिक तुकडे मधे एका कार्बनाने जोडल्यासारखं आहे. मोहरी, हिंग, हळद. आपल्या रोजच्या फोडणीत ऊन झेलणाऱ्या रेणूंचं अख्खं घराणं नांदतं.

आता कपूरकाचरी. दिवाळीच्या सुगंधी उटण्यात नागरमोथा, वाळा, आंबेहळद यांच्या जोडीला ती असते. हिमालयात उगवणाऱ्या, हळद-आल्याच्या कुळातल्या एका झाडाचा हा सुकवलेला कंद. त्याच्या सुवासिक तेलातला एक प्रमुख घटक आहे एथिल पॅरा-मेथॉक्सिसिनॅमेट. दुसरीकडे, जगभरच्या सनस्क्रीनमध्ये अनेक दशकं वापरला गेलेला आणि आज "घातक केमिकल" म्हणून बोट दाखवलं जाणारा ऑक्टिनोक्सेट हा रेणू घ्या. त्याचं पूर्ण नाव एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनॅमेट. दोन्ही रेणू कागदावर शेजारी शेजारी काढले की किरण शोषणारं डोकं तंतोतंत तेच दिसतं आणि दोघांचं शोषण 310 नॅनोमीटरच्या आसपासच सर्वाधिक असतं. फरक फक्त शेपटीत. कपूरकाचरीच्या रेणूला दोन कार्बनची शेपूट आहे, कारखान्यातल्या रेणूला आठ कार्बनची फाटे फुटलेली. लांब शेपटीमुळे तो पातळ तेलासारखा राहतो, क्रीममध्ये नीट मिसळतो, घामाने लवकर धुतला जात नाही. मी हे दोन रेणू वर्गात फळ्यावर काढते आणि विचारते, यातला नैसर्गिक कोणता? बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो. मग नरक चतुर्दशीच्या पहाटे ज्याचा वास आपल्याला प्रसन्न करतो, त्याच्याच सख्ख्या भावाला आपण केवळ बाटलीवरच्या लांबलचक नावामुळे विष ठरवायचं का?

ही गल्लत आजची नाही. सजीवांतल्या पदार्थांत काही खास प्राणशक्ती असते आणि ते प्रयोगशाळेत बनूच शकत नाहीत, असा युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांमध्ये एकेकाळी मोठा समज होता. 1828 मध्ये फ्रीडरिश वोलर यांनी सजीवांच्या मदतीवाचून युरिया बनवला. मूत्रातल्या युरियात आणि त्यांच्या काचपात्रातल्या युरियात काही फरक नव्हता. निळीचंही तेच झालं. 1897 मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालातली नीळशेती बसली. तो आर्थिक आणि मानवी आघात खरा होता, पण कापडाला रंग देणारा रेणू मात्र अगदी तोच होता. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आपण आज नाकावरच्या क्रीमवरून पुन्हा लढतो आहोत.

तरीही आजींच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत आणि त्यांना हसण्यावारी नेणाऱ्यांवर माझा राग आहे. पहिला मुद्दा: हे रेणू अंगात मुरतात. 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी 24 जणांना चार दिवस, दिवसातून चार वेळा, बहुतेक अंगावर सनस्क्रीन लावायला दिलं. तपासलेले चारही घटक रक्तात सापडले, आणि अधिक तपासणीची गरज नाही असं मानण्याची जी मर्यादा आहे, तिच्याहून जास्त प्रमाणात. अर्थ असा की पुढच्या सुरक्षा-चाचण्या व्हायलाच हव्यात. दुसरा मुद्दा: प्रवाळांना होणारी इजा आणि संप्रेरकांवरचा संभाव्य परिणाम. हवाईने 2018 मध्ये कायदा करून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री 2021 पासून बंद केली. तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त आहे, त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी आढळतो, मग ऑस्ट्रेलियातलं भय इथे का आणायचं?

हे सगळं मान्य करूनही निष्कर्ष "म्हणून झाडपाला सुरक्षित" असा निघत नाही. बावचीच्या बियांकडे बघा. तिच्यात सोरालेन असतं, शंभर टक्के वनस्पतिजन्य. ते ए-पट्ट्याचे किरण शोषतं, पण सिनापॉइल मॅलेटसारखं ऊर्जा सोडून मोकळं होत नाही. ते डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी बांधतं. त्वचा उन्हाला कैकपटींनी हळवी होते. आयुर्वेदाने बावची कोडावर वापरली आणि आधुनिक वैद्यकाने त्याच गुणावर सोरालेन आणि नियंत्रित ए-किरणांचा उपचार उभा केला, तो याच कारणाने. लिंबाच्या सालीतही सोरालेनचे भाऊबंद असतात. उजळपणासाठी लिंबू चोळून उन्हात गेलेल्या किती मुलींच्या चेहऱ्यावर काळे चट्टे उठतात, ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. बावचीसुद्धा निसर्गच आहे आणि मोहरीसुद्धा. एक रेणू ढाल, दुसरा तलवार.

आणि आज्यांनी काही लावलं नाही, हे तरी कितपत खरं? त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, दुपारची कामं पडवीत केली. शेतात राबणाऱ्या बायकांनी आतून नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घातला. ही उत्तम आणि मोजता येण्याजोगी संरक्षणं आहेत. पुण्याच्या रस्त्यांवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळलेल्या, सनकोट आणि कोपरापर्यंतचे मोजे घातलेल्या दुचाकीवरच्या मुली त्याच शहाणपणाच्या वारस आहेत. घट्ट विणीचं कापड बहुतेक क्रीमपेक्षा भरवशाचं असतं. पण उघड्या राहिलेल्या भागाचं काय? माझ्या आजीचा हात मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. चोळीच्या बाहीखालचा दंड सत्तरीतही नितळ, मऊ होता. मनगटाची कातडी मात्र चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची, सुरकुतलेली आणि तपकिरी ठिपक्यांनी भरलेली. एकच बाई, एकच वय, एकच अन्न. फरक उन्हाचा होता. गालांवरचा वांगही उन्हाने गडद होतो आणि त्यापायी आपल्याकडच्या किती बायका मनातून खचतात. मेलॅनिन कर्करोगाविरुद्ध मोठा आधार आहे, वांगाच्या बाबतीत तेच अडचणीचं ठरतं. वांगाला तर डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही पुरतो, आणि त्यासाठी रंगीत सनस्क्रीनमध्ये घालतात ती लोहाची ऑक्साइडं, म्हणजे आपल्या कुंडीला लावायच्या गेरूचा रंग ज्यांचा असतो तीच.

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात घरगुती वस्तूंच्या टेबलावर "केमिकल-फ्री हर्बल सनस्क्रीन, एसपीएफ 30" असं लिहिलेल्या छोट्या बाटल्या दिसल्या. एसपीएफ म्हणजे त्वचा उन्हाने लाल होण्यापासून किती संरक्षण मिळतं, त्याचा आकडा. खोबरेल, गाजराच्या बियांचं तेल, हळद आणि कोरफड. विकणारी बाई मनापासून बोलत होती. मी विचारलं, "हा तीसचा आकडा कुठून आला?" ती म्हणाली, "ताई, मुलाने नेटवरून शोधला. गाजराच्या बियांच्या तेलाला तेवढा असतोच म्हणे."

असे आकडे कुठून येतात, ते समजून घेण्यासारखं आहे. 2010 मध्ये एका भारतीय अभ्यासात खोबरेल तेलाचा एसपीएफ सुमारे 7 निघाला आणि तो आकडा जगभर फिरला. त्यात वापरलेल्या पद्धतीत पदार्थ अल्कोहोलमध्ये पातळ विरघळवतात, काचनळीत भरतात आणि 290 ते 320 नॅनोमीटरमध्ये किती प्रकाश शोषला जातो, ते एका सूत्रात घालतात. त्वचा कुठे आहे यात? खरा एसपीएफ माणसाच्या पाठीवर ठरतो. दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर देऊन, दिव्याखाली, त्वचा लाल व्हायला थरासह आणि थराविना किती मात्रा लागते, याचं ते गुणोत्तर असतं. तेल अंगावर एकसारखं बसत नाही, घड्यांत उतरतं, घामाबरोबर ओघळतं. आणि एसपीएफ मुख्यतः बी-पट्ट्याबद्दल सांगतो. ए-पट्ट्याची हमी वेगळी मागावी लागते.

हळदीची तर साक्ष प्रत्येक घराच्या दोरीवर आहे. टॉवेलवर हळदीचा डाग पडला की आपण तो धुऊन उन्हात टाकतो आणि संध्याकाळपर्यंत पिवळा रंग उडतो. उन्हात करक्युमिन स्वतःच मोडतं. जो रेणू दुपारभर स्वतःला वाचवू शकत नाही, त्याच्या भरवशावर लेकराला उन्हात कसं पाठवायचं? पानात अशा रेणूंना झाडाची साथ असते. खर्च झालेला रेणू पेशी पुन्हा बनवते, साठवायला जागा देते, थर अखंड ठेवते. कंद वाटला, रस पिळला की ती सगळी व्यवस्था संपते आणि उरतो एकटा रेणू. कोरफडीने गार वाटतं, भाजलेल्या त्वचेला बरंही वाटतं, पण गारवा आणि संरक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. गारव्याने माणूस निर्धास्त होऊन आणखी तासभर उन्हात राहतो, हा खरा धोका.

गाजराचीच गोष्ट आली म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात 1992 ते 1996 या काळात 1621 लोकांवर एक चाचणी झाली. काहींना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, काहींना आपल्या मर्जीने लावू दिलं, आणि त्यातच काहींना गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेचा एका प्रकारचा कर्करोग कमी झाला, आणि त्वचा म्हातारी होण्याचा वेगही मंदावला. बीटा-कॅरोटीनने तसा काही फायदा दाखवला नाही. ही माणसं प्रामुख्याने गोरी होती, म्हणून कर्करोगाचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण एकाच गावात दोन दावे एकाच तराजूत तोलले गेले आणि त्यातला एकच उतरला. वाद असा सोडवायचा असतो.

आता "थोतांड" म्हणणाऱ्यांना. झाडांचं ज्ञान थोतांड असतं तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेला हात लावला नसता. त्यांनी तिचं मूळ रक्तदाबाच्या 50 रुग्णांना देऊन, मोजमापं ठेवून 1949 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. तीन वर्षांत तिच्यातलं रक्तदाब उतरवणारं रिसर्पिन वेगळं झालं. परंपरेने बोट दाखवलं, मोजणीने मात्रा ठरवली. सनस्क्रीनचीही सुरुवात अशीच आहे. 1928 मध्ये अमेरिकेत विकायला आलेल्या पहिल्या सनस्क्रीनमध्ये बेंझिल सॅलिसिलेट आणि बेंझिल सिनॅमेट होतं. एकाचं घराणं विलो झाडाच्या सालीशी जोडलेलं, दुसऱ्याचं दालचिनीशी. ज्या कारखान्याचा तुम्ही अभिमान बाळगता, त्याने पहिला धडा झाडाकडेच गिरवला आहे.

आणि तो धडा अजून संपलेला नाही. ऑक्टिनोक्सेटची एक खरी खोड आहे. गिरकी घेतल्यावर त्याचे काही रेणू उलट्या आकारात अडकतात आणि त्या आकारात ते किरण कमी शोषतात. म्हणून उन्हात त्याचा जोर ओसरतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात झाडाच्या सिनापेट रेणूला, म्हणजे सिनापिक आम्लापासून बनलेल्या रेणूला, द्विबंधाच्या त्याच टोकाशी दुसरी, हुबेहूब तशीच बाहू जोडली गेली. आता गिरकी घेतली तरी दोन्ही आकार सारखेच. रेणू फिरून पुन्हा तोच होतो, जोर कायम. या रेणूला काय म्हणणार? मोहरीच्या घरातला, की प्रयोगशाळेतला? मला तर हे काम वाचताना मनापासून आनंद झाला. त्यात झाडाबद्दल आदर आहे आणि झाडाच्या पुढे जाण्याची धमकही आहे. आपल्या पुण्यात पाषाणला 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत, सह्याद्रीच्या कड्यांवर ऊन सोसणाऱ्या वनस्पती आहेत. हे काम इथे का होऊ नये?

मागायचंच असेल तर हे मागा. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं, अमेरिकेत औषधांत. आपल्याकडे बाटलीवर एसपीएफचा आकडा छापला असेल, तर तो माणसाच्या त्वचेवर मोजलेला आहे की काचनळीत, हे त्याच बाटलीवर लिहिणं बंधनकारक करा. हर्बल असो वा नसो, नियम एकच हवा. "केमिकल-फ्री" हा शब्द तर छापूच देऊ नका, कारण पाण्यापासून कोरफडीपर्यंत रसायन नसलेलं काहीही बाटलीत भरता येत नाही. आणि छोट्या उद्योजिकांसाठी सरकारी मदतीने चालणारी चाचणीची सोय करा.

त्या टेबलापाशी मी जवळजवळ अर्धा तास उभी होते. हळदीच्या डागाचं सांगितल्यावर ती बाई थांबली, तिला ते लगेच पटलं. तिने विचारलं, "मग ताई, माझं तेल तपासून कोण देईल? मोठ्या कंपनीला परवडतं, मी महिन्याला चाळीस बाटल्या विकते." परवा ती पुन्हा भेटली. बाटल्यांवरचा तीसचा आकडा तिने काळ्या मार्करने खोडला आहे, आणि तेच तेल ती आता रात्री अंगाला चोळायचं म्हणून विकते.